अँबेसेडरचा लाल दिवा: १:२४ गाडीत लाइट बसवायच्या नोंदी

१४ एप्रिल २०२४, रविवार

आज गाडी उघडली. पांढरी अँबेसेडर, १:२४ म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याची, बॉडी डायकास्टची (साच्यात ओतलेल्या धातूची) आणि खालचा तळ प्लास्टिकचा. खरी गाडी साधारण ४.३ मीटर लांब म्हणजे ही १८ सेंटीमीटर, हातात धरली की छान जड लागते. चार स्क्रू काढले, तळ निघाला, आतल्या सीटा आणि डॅशबोर्ड एकाच तुकड्यात बाहेर आले. हेडलाइटच्या जागी क्रोमची वाटी आणि वर काच आहे पण मागचे लाइट नुसते लाल पेंटचे ठिपके. बाहेर सकाळपासून जयंतीच्या मिरवणुकांचे डीजे चालू आहेत, नागपूरच्या संविधान चौकाकडे जायची सोय नाही, म्हणून आजचा दिवस या कामाला दिला.

हीच गाडी काहून घेतली ते लिहून ठेवतो. बाबा सरकारी खात्यात ड्रायव्हर होते, नोकरीची बहुतेक वर्षं अँबेसेडरच चालवली. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन आलं की विदर्भातल्या खात्यांच्या गाड्या गोळा व्हायच्या आणि मंत्र्यांच्या दिमतीला लागायच्या, मग ते दोन-तीन आठवडे बाबांची गाडी रविभवन (मंत्री उतरतात ते) ते विधानभवन एवढंच करायची आणि टपावर लाल दिवा चढायचा. रात्री कधी जेवायला घरी आले तर क्वार्टरसमोर गाडी उभी राहायची, आम्ही सगळे पोट्टे भोवती गोळा, आणि मी दरवेळी म्हणायचो बाबा एकदा लावून दाखवा न. कधीच लावला नाही. साहेब गाडीत नसले की दिवा लावायचा नाही, वरून काळं कव्हर घालायचं, असा नियमच होता आणि बाबा तो पाळायचे.

आता ते ७४ चे आहेत आणि हे मॉडेल त्यांच्यासाठी आहे. लाइट लागले पाहिजेत आणि त्यांना ते बरोबर वाटले पाहिजेत, एवढंच ठरवलं आहे.

१९ एप्रिल, शुक्रवार

मतदान सकाळी सातलाच उरकून आलो, ऊन चढायच्या आत. दुकानं बंद, म्हणून घरीच हिशोब केला.

एकूण ११ एलईडी: हेडलाइट २, समोरचे छोटे पार्किंग लाइट २, मागचे २, नंबर प्लेटवर १, आणि टपावरच्या दिव्यासाठी ४ (चार काहून ते पुढे कळेल, आज फक्त जागा धरून ठेवली आहे). इंडिकेटर करणार नाही. बाबांना विचारलं तर म्हणाले हात बाहेर काढूनच दाखवायचो बहुतेक वेळा, मग त्यासाठी वायरी कशाला वाढवायच्या.

सप्लाय ५ व्होल्ट, मोबाईलचा चार्जर. बटण सेल ३ व्होल्टचा असतो आणि पांढऱ्या एलईडीलाच ३ च्या आसपास लागतात, सेल जरा उतरला की गाडी अंधारात, म्हणून तो विचार सोडला. एलईडीला जास्त करंट जाऊ नये म्हणून रेझिस्टर लावायचा, त्याचा हिशोब सोपा आहे: सप्लायमधून एलईडीचे व्होल्ट वजा करा आणि जेवढा करंट पाहिजे त्याने भागा. पांढऱ्याला ५ वजा ३ म्हणजे २ व्होल्ट, करंट २ मिलिअँप, म्हणजे १००० ओहम, १ के. लालला १.९ च्या आसपास लागतात म्हणून ३.१ भागिले २ मिलिअँप, जवळचा म्हणजे १.५ के. बरेच जण २० मिलिअँप धरून चालतात कारण पाकिटावर तसं लिहिलेलं असते, पण तो वरचा आकडा आहे, आजकालचे एलईडी २ मिलिअँपवरच एवढे उजळतात की १८ सेंटीमीटरच्या गाडीला तेही जास्तच होते. मॉडेलमध्ये लाइट भगभगीत दिसला की गाडी लगेच खेळणं वाटते.

२० एप्रिल, शनिवार

बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात जाऊन आलो. मेट्रोने गेलो, पार्किंगची कटकट नाही. आणलेलं सामान: ०८०५ साइजचे वॉर्म व्हाइट एलईडी (२ बाय १.२५ मिमी), ०६०३ चे लाल (१.६ बाय ०.८ मिमी), रेझिस्टर, ०.५ चं सोल्डर वायर, फ्लक्सची छोटी डबी, चिमटा. दुकानदार कूल व्हाइट देत होता कारण तोच जास्त खपते म्हणे. नाही घेतला. जुन्या गाडीत तारेचा बल्ब होता, तो पिवळट असतो, ६५०० केल्व्हिनचा निळसर पांढरा त्या तोंडावर लावला तर १९५७-५८ च्या डिझाइनची गाडी एकदम आजच्या एसयूव्हीसारखी बघायला लागते. २७००-३००० चाच पाहिजे.

०६०३ हातात घेतल्यावर कळते केवढा लहान आहे, ज्वारीचा दाणासुद्धा त्याच्यापेक्षा मोठा. पहिला चिमट्यातून उडाला तो सापडलाच नाही. त्यानंतर स्टीलच्या ताटात पांढरा कागद, त्यावर दोन बाजूंनी चिकटणारी टेप, टेपवर एलईडी, आणि मगच सोल्डर. उलटसुलट ओळखायला मल्टिमीटर डायोड मोडवर ठेवून टोकं लावली की बरोबर बाजूने धरल्यास एलईडी मंद पेटते, म्हणजे चालू आहे का तेही कळते आणि निगेटिव्ह कोणती तेही.

२१ एप्रिल, रविवार

वायरीचा शोध. साधी वायर जाडी, गाडीत ११ एलईडीच्या २२ वायरी कोंबल्या तर सीटा परत बसणारच नाहीत. लाखेची तांब्याची वायर पाहिजे, आणि नागपुरात एप्रिलमध्ये ती कुठे मिळते ते वेगळं सांगायला नको, कूलरच्या मोटरी वाइंडिंग करणाऱ्याकडे. आमच्या चौकातल्या भाऊंकडे सध्या दुकानाबाहेरपर्यंत पंप आणि मोटरी पडल्या आहेत. त्यांना म्हटलं सगळ्यात बारीक द्या, त्यांनी पंपाच्या कॉइलची ३६ गेज दिली, म्हणजे ०.१९ मिमी, केसाच्या दुप्पट-तिप्पट जाड. पैसे घ्यायला तयार नव्हते, जबरदस्तीने दिले.

घरी आल्यावर दीड तास गेला. मला वाटलं सोल्डरिंग आयर्न टेकवलं की लाख जळून जाईल आणि टिन पकडेल, पण नाही पकडलं, नुसता गोळा बनून बाजूला घरंगळते. मग परत जाऊन भाऊंनाच विचारलं. ते म्हणाले मोटरची लाख गरमी सहन करायसाठीच असते, ती आयर्नने जाणार नाही, घासूनच काढा लागते. बरोबर आहे, मोटर तापूनही कॉइल शॉर्ट होऊ नये म्हणून तर ती लाख. रिले, हेडफोन, छोटे ट्रान्सफॉर्मर यांतल्या वायरीवर पॉलियुरेथेनची लाख असते, ती ३८०-४०० डिग्रीच्या टोकाने आपोआप वितळते. दोन्ही दिसायला सारख्याच तांबूस. ज्यांना पहिल्यांदा करायचं आहे त्यांनी वायर घ्यायच्या आधी हे विचारून घ्या, माझ्यासारखं आयर्न बिघडलं समजून टोक बदलत बसू नका.

ब्लेडने खरवडलं तर वायर कापली जाते. ४०० नंबरचा पॉलिश पेपर दुमडून त्यात वायर धरायची आणि हलक्या हाताने तीन-चारदा ओढायची, हे जमलं.

२८ एप्रिल, रविवार

हेडलाइट. खऱ्या गाडीची हेडलाइट ७ इंची, म्हणजे १:२४ मध्ये ७.४ मिमी. क्रोमच्या वाटीला मधोमध हातड्रिलने १ मिमीचं भोक, मागून वायरी, वाटीच्या तळाशी एलईडी. क्रोम आहे म्हणून उजेड छान पसरते, वाटी पूर्ण भरलेली दिसते.

मग चूक झाली. एलईडी पक्का करायला इन्स्टंट ग्लू वापरला, वरून काच बसवली, अर्ध्या तासाने पाहतो तर काच आतून पांढरी धुरकट, मोतीबिंदू झाल्यासारखी. या ग्लूची वाफ हवेतल्या दमटपणाने घट्ट होऊन पांढरी पूड बनून बसते, आणि मी तर कूलरच्या समोर बसून काम करत होतो, ओली हवा सरळ टेबलावर. एक काच टूथपेस्ट लावून कापडाने घासत बसलो, वीस मिनिटांत ८० टक्के साफ झाली. दुसरी अर्धवट राहिली पण बाबा म्हणाले राहू दे, जुन्या गाडीची एक काच अशीच होते. पुढच्या सगळ्या काचांना पांढरा फेविकॉल वापरतो, तो वाळला की पारदर्शक होतो आणि वाफ सोडत नाही. वेळ लागते एवढंच.

अजून एक: लाइट लावल्यावर हेडलाइटच्या भोवतीचं सगळं प्लास्टिक गुलाबीसर चमकत होतं, कानामागे टॉर्च धरल्यासारखं. वाटीला मागून आधी काळा पेंट आणि त्यावर चॉकलेटची चांदी चिकटवली. आता उजेड फक्त समोरून येते.

१ मे, बुधवार

सुट्टी, म्हणून टपावरच्या दिव्याला हात घातला. आज १ मे आहे हे कामाला बसल्यावर लक्षात आलं. २०१७ मध्ये याच तारखेपासून देशभरातल्या मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे निघाले, १९ एप्रिलला केंद्राने ठरवलं आणि १ मे पासून लागू. अँबेसेडर तर त्याच्याही आधी गेली, उत्तरपाड्याचा कारखाना मे २०१४ मध्ये थांबला. म्हणजे आपल्या लेकरांनी ही गाडी आणि हा दिवा एकत्र पाहिलेलाच नाही. माझी पोरगी १२ वर्षांची आहे, ती विचारत होती की पोलिसांच्या गाडीला निळा-लाल असतो तसा का. नाही, तसा नाही, आणि कसा ते दाखवायलाच हे चाललं आहे.

पहिला प्रयत्न सोपा होता. बाजारात आपोआप लुकलुकणारा लाल एलईडी मिळते, आतच चिप असते, ५ व्होल्ट दिले की उघडझाप करते. टपावर टेपने चिकटवला, खोलीतला लाइट बंद केला आणि बाबांना बोलावलं.

त्यांनी चष्मा लावून पाहिलं. मग म्हणाले, "हा लुकलुकून राहिला रे. तो फिरायचा."

आणि त्यांनी हात वर करून बोट गोल फिरवून दाखवलं. बल्ब जागेवरच असायचा म्हणे, त्याच्याभोवती आरसा फिरायचा, आत छोटी मोटर होती, गाडी बंद असली की कर्र असा आवाज ऐकू यायचा. समोर उभ्या माणसाला उजेड येताना दिसायचा, डोळ्यावर यायचा, मग जायचा. पूर्ण अंधार असा कधी नसायचा. रात्री सिव्हिल लाइन्सच्या झाडांवरून तो लाल पट्टा फिरत जायचा हे सांगताना त्यांचा हात थांबतच नव्हता.

एका एलईडीने भागणार नाही, चार लागतील अशी शंका मला आधीपासून होतीच, आता खात्री झाली. लुकलुक नाही चालणार, चौघांतून उजेड फिरवावा लागेल.

५ मे, रविवार

आज वायरिंगचा नकाशा काढला आणि अडकलो. ११ एलईडी, २२ वायरी, सगळ्या डिकीत न्यायच्या. टपातून खाली यायलाच आठ. कागद पाहून बाबा म्हणाले, "एवढ्या कायले? गाडीत एकच वायर जाते, दुसरी बॉडीच असते."

बॉडी अर्थ! खऱ्या गाडीत बॅटरीचं एक टोक बॉडीला बांधलेलं असते आणि प्रत्येक बल्ब जवळच्या लोखंडाला अर्थ होते. आपल्या मॉडेलची बॉडी पण धातूचीच आहे, जस्ताची मिश्रधातू. २२ च्या सरळ ११ झाल्या. मी दोन आठवडे त्या गाडीकडे पाहत होतो आणि हे डोक्यात आलं नाही, ज्याने आयुष्यभर बॉनेटखाली हात घातला त्याला कागद पाहिल्याबरोबर दिसलं.

या धातूवर सोल्डर नीट बसत नाही, गरम केलं की पेंट आधी जळते. म्हणून तळाचे जे चार स्क्रू आहेत त्यांच्या खांबांचा पेंट आतून खरवडला आणि वायरीचं रिंगण करून स्क्रूखाली दाबलं. मल्टिमीटरची बीप चारही ठिकाणी वाजली, टपापर्यंत वाजली.

१२ मे, रविवार

फिरणाऱ्या उजेडाचं डोकं. एटीटायनी८५ नावाची, प्रोग्राम टाकता येणारी आठ पायांची चिप, ९ बाय ६ मिमीची, डिकीत आरामात मावते. आठपैकी दोन पाय सप्लायचे, एक रिसेटचा, उरले पाच. चार पाय दिव्याच्या चार एलईडींना आणि पाचवा दोन्ही हेडलाइटना. मागचे, पार्किंग आणि नंबर प्लेट सरळ ५ व्होल्टवर, त्यांना डोकं लागत नाही.

प्रोग्राम टाकायला घरात जुना आर्डुइनो ऊनो (शिकण्यासाठी वापरतात तो छोटा कंट्रोलर बोर्ड) होता, त्यालाच प्रोग्रामर बनवलं. ऊनोच्या रिसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लावावा लागते नाहीतर प्रोग्राम टाकताना ऊनो स्वतःच रिसेट होत राहते, मी तो विसरलो होतो आणि संध्याकाळ त्यात गेली.

दिव्याचा घुमट कशाचा करायचा हा प्रश्न बरेच दिवस होता. बाबांच्या औषधाच्या डब्यात उत्तर सापडलं, रिकाम्या कॅप्सूलची टोपी. साधारण ७ मिमी व्यास, वरून बरोबर गोल, म्हणजे खऱ्यात १६-१७ सेंटीमीटरचा दिवा, अगदी मापात. पण कॅप्सूल जिलेटिनची असते, कूलरच्या हवेतच मऊ पडते, पावसाळ्यात तर बसून जाईल. म्हणून तिला साचा बनवलं: आत यूव्ही रेझिन भरलं, यूव्ही टॉर्चने कडक केलं, कोमट पाण्यात टाकलं. जिलेटिन विरघळून गेलं आणि काचेसारखा घुमट हातात आला. तिसऱ्या प्रयत्नाला बुडबुड्याशिवाय निघाला. बाहेरून लाल ग्लास पेंटचा एक हात, म्हणजे दिवा बंद असतानाही लालच दिसेल. खालून ड्रिलने पोकळ केला.

१९ मे, रविवार

मागचे लाइट. अँबेसेडरचे मागचे लाइट मडगार्डवर उभे आणि छोटे. पेंटचा ठिपका होता तिथे ०.८ चं भोक, आतून ०६०३, बाहेरून लाल ग्लास पेंट मिसळलेल्या रेझिनचा थेंब उभा ओढून काच बनवली. यांना १.५ के नाही, ३.३ के लावला, म्हणजे १ मिलिअँपच्या आतच, मागचे लाइट हेडलाइटपेक्षा मंदच पाहिजेत.

सगळं जोडलं, लावलं, आणि डावा मागचा गेला. मग पाहिलं तर भोकाच्या धारेने वायरीची लाख सोलली होती आणि तांबं बॉडीला टेकलं होतं. बॉडी अर्थचा हा दुसरा भाग आहे, सगळी गाडीच निगेटिव्ह, त्यामुळे कुठेही सोललं की शॉर्ट. रेझिस्टर चिपजवळ लावले होते म्हणून काही जळलं नाही, एलईडीजवळ लावले असते तर सरळ चार्जरच शॉर्ट झाला असता. हे मुद्दाम लिहून ठेवतो: रेझिस्टर नेहमी सप्लायच्या बाजूला, वायर सुरू होते तिथेच.

सगळी भोकं गोल कानसीने आतून-बाहेरून घासली, प्रत्येक वायरीला भोकाच्या जागी पोरीच्या पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात. जोडांनाही तेच. वाळायला दहा मिनिटं, बारीक कामाला टेपपेक्षा कितीतरी बरं. बाटली अर्धी झाली, नवीन आणून द्यायचं कबूल केलं आहे.

२५ मे, शनिवार

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस, आजपासून. दुपारी आयर्न हातात धरवत नाही, रात्री दहानंतरच बसतो.

चार एलईडी घुमटाखाली चार दिशांना बसवले. पहिली चाचणी: एकामागून एक लावले-विझवले. फिरल्यासारखं वाटलं नाही, चार ठिपके उड्या मारतात असं दिसलं. मग एक उतरत असताना पुढचा चढत जाईल असं केलं. थोडं बरं. तरी काहीतरी खटकत होतं, उजेड जास्त वेळ पूर्णच वाटायचा आणि मग एकदम गायब. आपला डोळा उजेड सरळ हिशोबाने मोजत नाही, अर्धा करंट दिला तरी डोळ्याला अर्ध्यापेक्षा बराच जास्त वाटते. म्हणून प्रत्येक आकड्याचा वर्ग करून चिपला दिला, म्हणजे मधल्या पायऱ्या खाली दबतात. एवढ्या एका ओळीने फरक पडला तेवढा आधीच्या तीन रात्रींत पडला नव्हता.

तरीही पूर्ण घुमट एकदमच लाल होत होता, कारण आतला उजेड सगळीकडे उसळतो. आरसा उजेड एकाच बाजूला फेकायचा, इथे आरसा नाही. गोळ्यांच्या पाकिटाची चांदी अधिकच्या चिन्हासारखी कापून घुमटात उभी बसवली, चार खोल्या झाल्या, प्रत्येक खोलीत एक एलईडी. आता उजेड एका बाजूने येते, डोळ्यावर येते, जाते.

वेग बाबांच्या बोटावर ठरवला. ते बोट फिरवत बसले, मी मोबाईलवर दहा फेऱ्यांचा वेळ घेतला, एका फेरीला साधारण ५५० मिलिसेकंद. तीनदा घेतला, तिन्ही वेळा जवळपास तेवढाच. इतक्या वर्षांनी.

मोबाईलवर व्हिडिओ काढला तर हेडलाइटवर पट्टे दिसतात, कारण चिप लाइट फार जलद बंद-चालू करून मंद करते आणि कॅमेऱ्याला ते दिसते. डोळ्याला नाही दिसत.

३१ मे, शुक्रवार

काल सगळीकडे एकच बातमी, नागपूर ५६ डिग्री. नंतर हवामान खात्याने सांगितलं की ते यंत्र चुकीचं दाखवत होतं, बाकी केंद्रांवर ४४ च्या आसपासच होतं. सेन्सर बिघडला की काय होते ते घरबसल्या पाहिलं. ४४ पण काही कमी नाही, फेविकॉल नेहमीच्या अर्ध्या वेळात वाळून राहिला आहे.

पॉवर बँकेवर लावून पाहिलं, म्हणजे गाडी कुठेही ठेवता येईल. अर्ध्या मिनिटात सगळं बंद. परत लावलं, परत बंद. वाटलं पुन्हा शॉर्ट. मल्टिमीटर मध्ये घालून करंट पाहिला तर पूर्ण गाडीचा मिळून १५ मिलिअँपच्या आसपास, आणि एवढा कमी करंट पाहिला की पॉवर बँक समजते मोबाईल काढून घेतला, आणि झोपी जाते. बिघाड कुठेच नव्हता. मोबाईलच्या चार्जरवर रात्रभर चालली, काही गरम झालं नाही.

२ जून, रविवार

टपातून खाली यायचा रस्ता. आता फक्त चार वायरी आहेत, परत येणारी बॉडी आहेच, पण त्या चार लपवायच्या कुठे? समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबात खोबण कोरायचा बेत होता. पेंट खराब व्हायची भीती, आणि ०.१९ च्या चार वायरींना खोबण बरीच खोल लागते. दोन संध्याकाळी नुसतं पाहत बसलो.

बाबांना सांगितलं तर म्हणाले लपवतो कायले, आमची दिसायचीच. दिवा वर्षभर नसायचा, अधिवेशनापुरता चढायचा, त्यासाठी टपाला कोण भोक पाडते. काळी वायर टपावरून खाली यायची, ड्रायव्हरच्या बाजूच्या तिकोनी काचेच्या फटीतून आत, आणि डॅशबोर्डखाली. थंडीत त्या फटीतून वारा यायचा आणि उजवा कान गार पडायचा, म्हणून ते त्या तीन आठवड्यांत मफलर बांधून गाडी चालवायचे. हा मफलर मला आठवते, तपकिरी. कशासाठी होता ते आज कळलं.

तर वायर दिसली पाहिजे, पण मापात. ०.१९ च्या चार वायरी पिळल्या की ०.४६ मिमी होतात, गुणिले २४ म्हणजे ११ मिमीची केबल, पाण्याचा पाइप वाटेल. एक मेलेला रिले फोडला, त्यातली कॉइल ०.१ मिमीची निघाली. चार पिळल्या, ०.२४ मिमी, खऱ्या मापात ६ मिमीच्या आत. अगदी त्या काळच्या वायरीसारखी. आणि ही पॉलियुरेथेनची, आयर्न टेकवलं की लाख वितळली, घासायची गरज नाही. वरून काळ्या पेंटचा एक हात.

टपाला एक बारीक भोक फक्त अर्थसाठी, घुमटाच्या बरोबर खाली, बाहेरून दिसत नाही.

८ जून, शनिवार

बंद केली. चार स्क्रू, तळ, सीटा परत आत. डिकीत चिप, वरून कापसाचा पातळ थर म्हणजे खडखड वाजणार नाही. सप्लायच्या दोन वायरी मागच्या चाकामागून खाली, प्लायवूडच्या पाटात, पाटाला रस्त्याचा काळा रंग.

बाबांच्या सांगण्यावरून हेडलाइटमध्ये एक गोष्ट टाकली. डायनॅमोची गाडी सिग्नलला उभी राहिली की लाइट मंद व्हायचे आणि रेस दिली की उजळायचे, कारण इंजिन हळू असताना डायनॅमो पुरेसा करंट देत नाही. म्हणून दर २० सेकंदांनी हेडलाइट हळूच ७० टक्क्यांवर येतात, थोडं थांबतात, परत चढतात. वॉर्म व्हाइट एलईडीवर ते फारच छान दिसते, पिवळसरपणा आहे म्हणून खऱ्या बल्बसारखं.

९ जून, रविवार

काल रात्री दाखवली. खोलीत अंधार केला, चार्जरचं बटण दाबलं. भिंतीवरून लाल पट्टा फिरला. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, खुर्ची पुढे घेतली, बाजूने पाहिलं, मागून पाहिलं, परत समोर आले. पोरगी पाटाच्या अगदी जवळ तोंड नेऊन बसली होती, तिच्या गालावर दर अर्ध्या सेकंदाला लाल यायचं.

मग बाबांनी बटण बंद केलं, परत लावलं, परत बंद केलं. म्हणाले, "दोन्ही सोबत नाही लागत. आधी हेडलाइट. मंग साहेब बसतात, दार लागते. मंग दिवा."

आज डिकी परत उघडली, चिप काढली, आठ सेकंदांचा थांबा टाकला. आधी हेडलाइट, मग आठ सेकंद काही नाही, मग दिवा. आठ त्यांनीच मोजून सांगितले.

संध्याकाळी त्यांनी सायकलची जुनी ट्यूब मागितली. कात्रीने गोल तुकडा कापला, पोरीकडून काठाला दोरा ओवून घेतला, ओढून गाठ मारली, आणि दिवा बंद करून ते काळं कव्हर घुमटावर घातलं. बसलं बरोबर, एवढासा तुकडा पुरला.